एकतीस कप्पे आणि एक पेला

सासूबाईंनी रक्तदाबाची गोळी दुसऱ्यांदा दोनदा घेतली, त्या दिवशी मी कामाला लागलो. दुसऱ्यांदा दोनदा म्हणजे काय ते आधी सांगतो. महिन्यापूर्वी एका मंगळवारी त्यांनी सकाळची गोळी एकदा घेतली आणि तासाभराने विसरून परत घेतली. मग या गुरुवारी पुन्हा तोच प्रकार. नशीब असं, की दोन्ही वेळा घरातलं कुणीतरी जवळ होतं. मंगळवारी मी त्यांच्याकडचा गळका नळ बघायला गेलो होतो आणि गुरुवारी आमची ही सकाळी आवराआवर करायला गेली होती. त्यामुळे चक्कर आल्याबरोबर धरायला माणूस होतं.

सासूबाई आमच्या समोरच्या इमारतीत एकट्या राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघराला एक मोठी खिडकी. त्या खिडकीतून बसचा थांबा दिसतो. कुठली बस किती उशिरा आली हे बसच्या कंपनीला माहीत नसेल, पण सासूबाईंना माहीत असतं.

गुरुवारची बातमी परगावी राहणाऱ्या माझ्या मेहुण्याला कळली आणि त्याचा फोन आला. "आता बास झालं, भाऊजी. आईला मी इकडे घेऊन येतो. घर बंद करून टाकू. तीन आठवड्यांनी रविवारी येतोय."

सासूबाई फोनवर "बरं" म्हणाल्या. फोन ठेवल्यावर बराच वेळ खिडकीशी बसून राहिल्या आणि मग मला म्हणाल्या, "त्याच्याकडे बाराव्या मजल्यावर नुसतं आकाश दिसतं हो. आकाशाकडे माणसानं किती वेळ बघायचं?"

मला त्यांचं फार वाईट वाटलं. शिवाय मी पंख्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो आणि निवृत्त होऊन चार महिने झाले होते. हातात पेन्सिल घ्यायला मला नुसतं निमित्त हवं होतं. मी बायकोला म्हटलं, "आईंना कुठेही जायला लागणार नाही. मी एक बॉक्स बनवतो."

"गोळ्यांचे डबे बाजारात मिळतात," ही म्हणाली.

ज्या माणसाने टेबलफॅनची आख्खी जाळी काढली आहे त्याला हे ऐकवायचं नसतं. पण मी मोठ्या मनाने तिकडे दुर्लक्ष केलं.

पहिला बॉक्स साधा होता. सात वारांचे सात कप्पे, प्रत्येकाला सरकवून उघडायचं झाकण. नाक्यावरच्या सुताराने तो दोन दिवसांत करून दिला. त्याच वेळी माझी भाची दोन दिवसांसाठी आमच्याकडे आली होती. भाचीची नोकरी अशी, की लोकांच्या हातात एखादी वस्तू द्यायची आणि ते ती कशी वापरतात हे बघत बसायचं. याला पगार मिळतो. आमच्या इमारतीत निम्मे लोक हे काम वर्षानुवर्षं गॅलरीत उभे राहून करताहेत, पण त्यांना कुणी विचारत नाही.

"मामा, बॉक्स आजींच्या हातात द्या आणि गप्प बसा," ती म्हणाली. "समजावायचं नाही. मदत करायची नाही. तुम्ही नाहीच आहात असं समजा."

सासूबाईंना आमच्या दिवाणखान्यात बसवलं. समोर बॉक्स ठेवला. खऱ्या गोळ्यांऐवजी पेपरमिंटच्या गोळ्या भरल्या होत्या. भाची म्हणाली, "आजी, आज बुधवार आहे असं समजा आणि गोळी घ्या."

सासूबाईंनी बॉक्स उलटा धरला. मी खाकरलो. भाचीने माझ्याकडे पाहिलं. सासूबाई झाकण वर उचलायला लागल्या. ते सरकवायचं होतं, आणि त्यासाठी मी खास खाच दिली होती. मी एक शब्दही बोललो नाही, फक्त भुवयांनी उजवीकडे खूण केली.

"मामा, भुवया!" भाची ओरडली.

त्याच क्षणी झाकण उडालं आणि मंगळवार ते शनिवार सगळे वार सोफ्याखाली गेले. सासूबाई ओशाळून म्हणाल्या, "पण बॉक्स फार छान आहे हं, जावईबापू. किती कष्ट घेतलेत!"

त्या गेल्यावर भाचीने मला समोर बसवलं, म्हणजे शाळेत बसवतात तसंच. "मामा, कसं वाटलं असं आजींना कधी विचारू नका. त्या जावयाला छानच म्हणणार. नुसतं बघा. तेही त्यांच्या घरी, त्यांच्या रोजच्या वेळी बघा. बाहेरच्या लोकांवर चाचणी घ्यायची तर पाच माणसं पुरतात, पण दर वेळी नवी."

मी हे सगळं वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती कामासाठी बाहेरगावी गेली. वही उघडली तेव्हा मला त्यातलं 'पाच माणसं' एवढं पटलं. सासूबाईंच्या स्वयंपाकघरात सकाळी सात वाजता जावयाने जाऊन बसणं प्रशस्त दिसलं नसतं. आणि माणसं नवी आणायची म्हणजे कुठून? आमच्या इमारतीत सगळे जुनेच राहतात.

तळमजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर, दुसऱ्या मजल्यावरचे विमावाले, वरच्या काकू आणि काकूंच्या दोन मैत्रिणी असे पाच जण जमले. हेडमास्तरांनी बॉक्सला हातही न लावता सांगितलं, "सात कप्पे म्हणजे दर आठवड्याला भरणं आलं. भरताना चूक होणार. महिन्याचा करा, एकतीस कप्पे."

"आणि तीस दिवसांच्या महिन्यात?" विमावाल्यांनी विचारलं.

यावर पाऊण तास चर्चा झाली. फेब्रुवारीपर्यंत पोहोचलो तेव्हा काकूंनी चहा आणला. शेवटी ठरलं, की शेवटच्या तीन कप्प्यांना कुलूप असावं आणि महिना बघून उघडावं. मग किल्लीला जागा हवी, म्हणून बत्तिसावा कप्पा आला. काकूंना वाटलं, गोळीची वेळ झाली की घंटा वाजावी. त्यांच्या एका मैत्रिणीला कमी ऐकू यायचं, म्हणून दिवाही लावायचा ठरला. सासूबाईंना गोळी तर दिवसाला एकच होती, पण उत्साहाच्या भरात हे कुणाच्या ध्यानात राहिलं नाही, मी धरून.

इतकी माणसं आमच्या दिवाणखान्यात रोज मावेनात, म्हणून सोसायटीची खोली मागावी असं ठरलं. सेक्रेटरींनी अर्ज तीन प्रतींत मागितला. 'उद्देश' या रकान्यात मी सरळ मनाने लिहिलं, 'ज्येष्ठ नागरिकांवर गोळ्यांची चाचणी'. दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर कागद लागला: 'आपल्या आवारात औषधांच्या बेकायदा चाचण्या सुरू असल्याचे समजते. संबंधितांनी आरोग्य कार्यालयाची परवानगी सादर करावी.' संबंधित म्हणजे मी. एकतीस वर्षांच्या नोकरीत माझ्यावर साधा लेटमार्क नव्हता आणि आता दूधवालासुद्धा माझ्याकडे तिरक्या नजरेनं बघायला लागला.

आरोग्य कार्यालयात खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला. "गोळी कसली?"

"पेपरमिंटची."

"मग ते खाद्य झालं. वरचा मजला."

वरच्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "तुम्ही पेपरमिंट बनवता का?"

"नाही. मी बॉक्स बनवतो."

"बॉक्स आमच्याकडे येत नाही."

"मग कुणाकडे येतो?"

"कुणाकडेच येत नाही. परवानगी लागतच नाही."

"तसं लेखी द्याल का?"

 परवानगीची गरज नाही असं लिहून देण्यासाठी त्यांना वरिष्ठांची परवानगी लागत होती. वरिष्ठ चार दिवस रजेवर होते. पत्र हातात आलं तेव्हा तीन आठवड्यांतला एक आठवडा पुरता निकालात निघाला होता. सेक्रेटरींनी पत्र फाईलला लावलं आणि म्हणाले, "मीपण येऊ का चाचणीला? मला पेपरमिंट आवडतं."

पुढचे आठ दिवस माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस होते. रोज संध्याकाळी पाचला सोसायटीच्या खोलीत मंडळी जमायची. मी तारीख सांगायचो, ते बॉक्स उघडून गोळी काढायचे आणि तोंडात टाकायचे. पहिल्या दिवशी पाचांपैकी चार चुकले. मी बॉक्स सुधारला, झाकणं रंगवली, अंक मोठे केले. तिसऱ्या दिवशी दोन चुकले. सहाव्या दिवशी एकही नाही. आठव्या दिवशी हेडमास्तरांनी डोळे मिटून, कुलपातली एकतीस तारीख नऊ सेकंदांत काढून दाखवली. खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. काकूंचा विक्रम अकरा सेकंदांचा होता आणि त्या दोन दिवस हेडमास्तरांशी बोलल्या नाहीत.

शंभर टक्के यश! मी त्याचा आलेख काढला. रेघ अशी सुरेख वर गेली होती, की पंख्यांच्या कारखान्यात ती फ्रेम करून लावली असती. आता मला दिसतं, की त्या आठ दिवसांत बॉक्स जेमतेम सुधारला होता. सुधारली होती ती पाच माणसं. पण आलेखात ते दिसत नाही.

बॉक्स शेवटी तयार झाला तेव्हा सुताराने त्याच्याभोवती एक चक्कर मारून विचारलं, "साहेब, याला चाकं लावू का?"

मला त्याचा राग आला. पण चाकं लावून घेतली.

शुक्रवारी आम्ही चौघांनी मिळून ते प्रकरण सासूबाईंच्या घरी चढवलं. ते एकाच जागी मावलं, स्वयंपाकघरात खिडकीपुढे. सासूबाईंनी बॉक्सकडे पाहिलं, मग खिडकी होती तिकडे पाहिलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या.

शनिवारी सकाळी आठला बायको तिकडे गेली आणि तिथूनच तिचा फोन आला. "घंटा वाजल्यावर आई घाबरून बाहेरच्या खोलीत जाऊन बसलीय. दिवा चालू-बंद होतोय. कुलूप उघडत नाही. आज तिनं गोळीच घेतली नाही."

"कुलूप एकोणतीस तारखेपासूनचं आहे. आज चौदा तारीख. त्या कुलपाकडे गेल्याच कशाला?"

"अहो, आधी ती दोनदा घेत होती, आता एकदाही घेत नाही. तुम्ही आलेख काढा!" एवढं बोलून हिने फोन आपटला.

मी खुर्चीत बसलो तो बसलोच. उद्या अकरा वाजता मेहुणा येणार होता, आणि मी जो बॉक्स त्याला दाखवणार होतो त्याच्यामुळे सासूबाईंची खिडकीसुद्धा आजच गेली होती. माणसाला आपल्या हुशारीची लाज वाटायचे प्रसंग कमी येतात. तो एक होता.

संध्याकाळी भाची परत आली. तिने सगळं ऐकून घेतलं, आलेखही बघितला. तिला हसू आवरत नव्हतं, पण आमचं नातं लक्षात घेऊन तिने तोंड भिंतीकडे केलं.

"पाच जण दर वेळी तेच?"

"तेच."

"मामा, एकदा पाठ झाल्यावर ती चाचणी कसली? ती तर तालीम झाली. आणि या सगळ्यात आजी कुठे होत्या?"

मी मनाशी मोजलं. तीन आठवड्यांत मी एकोणीस माणसांशी गोळ्यांबद्दल बोललो होतो. प्रत्यक्ष गोळ्या घेणाऱ्या सासूबाईंना मात्र "कसा आहे?" एवढंच विचारलं होतं.

"उद्या सकाळी सातला आजींच्या स्वयंपाकघरात. तोंड मिटून," भाची म्हणाली.

मला माझा स्वभाव माहीत आहे. म्हणून रविवारी सकाळी मी बॉक्समधून पाच पेपरमिंट काढले आणि एकदम तोंडात भरले, म्हणजे बोलताच येऊ नये. बॉक्स चाकांवरून बाहेरच्या खोलीत ढकलला. सुताराचे तेवढे आभार मानले. भाची सासूबाईंना म्हणाली, "आजी, हा बॉक्स यायच्या आधी जसं करत होतात तसंच करा. आम्ही इथे नाहीच." आम्ही दोघं कोपऱ्यात स्टुलांवर बसलो.

सासूबाईंनी चहा केला. खिडकीतून पहिली बस बघितली आणि "सहा मिनिटं उशीर" असं स्वतःशीच म्हणाल्या. मग बिस्किटांच्या जुन्या डब्यातून गोळी काढली. खिडकीच्या कट्ट्यावर पाण्याचा एक स्टीलचा पेला होता. त्यातल्या पाण्याबरोबर गोळी घेतली, पेला रिकामा केला आणि कट्ट्यावर पालथा ठेवला.

बाकी काही घडलं नाही. त्या भाजी निवडायला बसल्या. अर्ध्या तासाने उठल्या, इकडे तिकडे बघितलं, गोळीचा विचार मनात आला असावा, आणि हात बिस्किटांच्या डब्याकडे गेला. माझे पाचही पेपरमिंट घशाशी आले. पण डबा उघडण्याआधी त्यांची नजर कट्ट्यावर गेली. पेला पालथा होता. त्यांनी हात मागे घेतला आणि भाजीकडे वळल्या.

भाचीने माझा दंड दाबला. आम्ही दोघंही त्या पेल्याकडे बघत राहिलो.

आठ वाजता आमची ही आली. आली ती नेहमीसारखी वाऱ्यासारखी, पदर खोचूनच. "भांडी किती पडलीत! आणि हा पेला इथे काय करतोय?" तिने कट्ट्यावरचा पेला उचलला, विसळला, स्वच्छ पुसला, पाणी भरून परत कट्ट्यावर ठेवला. उताणा. आणि झाडू घेऊन बाहेरच्या खोलीत गेली.

सासूबाई हात धुऊन आल्या. कट्ट्याकडे बघितलं. पेला सरळ, पाण्याने भरलेला. त्यांनी मुकाट्याने डबा उघडला आणि गोळी काढली.

"आई, थांबा!" मी ओरडलो. पाच पेपरमिंट स्वयंपाकघरभर उडाले.

"हं, आता बोललेलं चालेल," भाची म्हणाली.

मग सगळा उलगडा झाला. गोळी घेतली की पेला पालथा, संध्याकाळी खिडकी लावताना पेला भरून उद्यासाठी सरळ. सासूबाई नऊ वर्षं हेच करत होत्या आणि नऊ वर्षांत एकही गोळी चुकली नव्हती. चुकली ती फक्त दोनदा. त्या गुरुवारी, म्हणजे जेव्हा ही आवरायला आली होती. आणि त्या आधी त्या मंगळवारी.

मंगळवारचं मला आठवलं तेव्हा स्टूल सोडून उभं राहावंसं वाटलं आणि उभं राहिल्यावर बसावंसं. नळ दुरुस्त करून मला तहान लागली होती. कट्ट्यावर पेला होता. मी पाणी प्यायलो, आणि चांगल्या घरचा जावई असल्यामुळे पेला विसळून, भरून, नीट सरळ ठेवला होता.

"आई, तू हे पेल्याचं बोलली का नाहीस?" बायकोने विचारलं.

"त्यात काय बोलायचंय? पेला तर आहे," सासूबाई म्हणाल्या. मग पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "मला वाटलं, माझंच डोकं चालेनासं झालं. दादा म्हणतो ते खरंच असेल. म्हणून तर मी त्याला 'बरं' म्हटलं."

 बायको आईला बिलगून बसली. मी खाली वाकून पेपरमिंट गोळा करायला लागलो, कारण त्या वेळी मला वर बघायचं नव्हतं.

अकराला मेहुणा रिकामी बॅग घेऊन आला. बाहेरच्या खोलीतला चाकांचा बॉक्स बघून त्याला वाटलं, सामान बांधायला सुरुवात झाली. मग त्याला सगळं सांगितलं. त्याचा विश्वास बसेना. "मी स्वतः बघणार," तो म्हणाला. त्याने चार दिवसांची रजा काढली आणि रोज सकाळी सातला माझ्या स्टुलावर बसला. पेपरमिंट मीच पुरवले. चार दिवसांत सासूबाईंची एकही चूक झाली नाही. मेहुण्याची एक झाली. दुसऱ्या दिवशी तो त्याच पेल्यातून पाणी प्यायला आणि सासूबाईंनी न बोलता पेला त्याच्या हातातून काढून घेतला.

पाचव्या दिवशी तो आला तशीच रिकामी बॅग घेऊन परत गेला.

बॉक्स आता सोसायटीच्या खोलीत आहे. संध्याकाळी पाचला मंडळी अजून जमतात. काकूंनी परवा आठ सेकंदांत एकतीस तारीख काढली आणि हेडमास्तर दोन दिवस जेवले नाहीत असं ऐकतो.

मी शेवटी एक गोष्ट बनवलीच. एक कागदाची पट्टी, सुबक अक्षरांत: 'या पेल्याला हात लावू नये.' ती कट्ट्यावर चिकटवली. भाचीने फोनवर सांगितलं, "चांगली आहे. पण चाचणी घ्या."

घ्यायची ती कुणी आणि कुणाची, हे मी विचारलं नाही. परवा सासूबाईंकडे गेलो तेव्हा त्या खिडकीशी बसून बस बघत होत्या. मला तहान लागली होती. हात आपोआप कट्ट्याकडे गेला, पट्टी दिसली, तोवर बोटं पेल्याला लागली होती. मी वळून बघितलं. सासूबाई माझ्याकडेच बघत होत्या, पण एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी मांडीवरची छोटी वही उघडली आणि पेन्सिलीने एक फुली मारली.

"हे काय, आई?"

"मदत करायची नाही, समजवायचं नाही, नुसतं बघायचं," त्या म्हणाल्या. "तुमच्या भाचीनंच शिकवलंय."

वहीत तीन नावं होती. मुलगी दोन फुल्या. मुलगा एक. माझ्या नावापुढे चार.

"पण पट्टी छान आहे हं, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या आणि परत खिडकीकडे वळल्या.

मी तसाच जिना उतरलो, रस्ता ओलांडला आणि घरी येऊन पाणी प्यायलो.